घरगुती फळरस व भाजीरसांचे परिरक्षण : आम्लतेच्या निकषावर एक विवेचन

सारांश :

फळांचे रस हंगामात काढून वर्षभर टिकविण्याची परंपरा महाराष्ट्रातील, विशेषतः कोकणातील घराघरांत रुजलेली आहे. अलीकडील काळात गाजर, बीट, दुधी, पालक यांसारख्या भाज्यांचे रसही आरोग्यदायी म्हणून घरी काढले जातात आणि फळरसांच्याच पद्धतीने साठविण्याचा मोह होतो. फळरस टिकतो तो केवळ पद्धतीमुळे नव्हे, तर त्या फळाच्या अंगच्या आम्लतेमुळे, ही बाब मात्र अनेकदा दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात रस बिघडण्याची कारणे, आम्लतेची सीमारेषा, परंपरागत पद्धतींमागील विज्ञान आणि घरगुती पातळीवर सुरक्षित ठरणारे उपाय यांचे विवेचन करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : परिरक्षण, सामू, आगळ, अमृत कोकम, स्क्वॅश, पाश्चरीकरण, भाजीरस.

प्रस्तावना :

फळांचा हंगाम अल्पकाळाचा असतो आणि त्या अल्पकाळात फळ विपुल असते. कोकणात वैशाख-ज्येष्ठात रातांबे एकाच वेळी पिकतात आणि पहिला पाऊस पडला की झाडाखालीच सडू लागतात. नागपूरची संत्री, सांगली-नाशिकची द्राक्षे, सोलापूरची डाळिंबे यांचीही स्थिती थोड्याफार फरकाने अशीच असते. हंगामातील विपुलता पुढील टंचाईच्या काळासाठी राखून ठेवणे ही गृहव्यवस्थेची जुनी गरज आहे. आगळ, अमृत कोकम, लिंबाचे व आवळ्याचे सरबत, करवंदाचा रस या सर्व पदार्थांचा जन्म या गरजेतून झाला.

गेल्या काही दशकांत या परंपरेला एक नवी शाखा फुटली आहे. शहरांतील बागांच्या प्रवेशद्वारांशी सकाळच्या वेळी दुधी, कारले, गाजर, बीट, आवळा यांचे रस विकले जातात. अनेक कुटुंबांत असे रस घरीच काढले जातात. नोकरी करणाऱ्या दांपत्यास रोज पहाटे रस काढणे शक्य होत नाही. तेव्हा एकदाच काढून बाटल्यांत भरून ठेवावा, असा विचार साहजिकच पुढे येतो. आजी कोकमाची बाटली वर्षभर फडताळात ठेवीत असे. मग गाजराच्या रसाची बाटली का ठेवू नये, हा प्रश्न वरकरणी निरुत्तर करणारा आहे. त्याचे उत्तर रसायनशास्त्रात आणि सूक्ष्मजीवशास्त्रात दडलेले आहे. ते माहीत नसल्यास एक निरुपद्रवी वाटणारी सवय जीवघेणी ठरू शकते.

परिरक्षणाच्या इतिहासात कृती आधी आणि कारणमीमांसा नंतर, असा क्रम वारंवार दिसतो. फ्रान्समधील निकोला आपेर याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट बसवून त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत विकसित केली आणि १८१० मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. अन्न का टिकते हे मात्र त्यास सांगता आले नाही. लुई पाश्चर याने १८६० च्या दशकात आंबण्यामागे सूक्ष्मजीव असतात हे दाखवून दिले, तेव्हा त्या कृतीचा अर्थ उलगडला. १८६९ मध्ये अमेरिकेतील टॉमस वेल्च याने पाश्चरच्या तत्त्वानुसार द्राक्षांचा रस बाटल्यांत तापवून न आंबलेला ठेवला. कोकणातील गृहिणीनेही सूक्ष्मजीवांचे नाव न ऐकता आगळ टिकविले. कृती कारणावाचून चालते. परंतु ती एका पदार्थावरून दुसऱ्या पदार्थावर नेताना कारण ठाऊक असणे अनिवार्य ठरते.

रस बिघडण्याची कारणे :

अखंड फळाला सालीचे संरक्षण असते. रस काढताच हे कवच नाहीसे होते आणि पेशींतील साखर, आम्ले, जीवनसत्त्वे व खनिजे पाण्यात मोकळी होतात. बहुतेक रसांत ८५ ते ९० टक्के किंवा त्याहून अधिक पाणी असते. सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने हे तयार पोषक माध्यमच होय. रस बिघडण्यामागे मुख्यत्वे तीन कारणे संभवतात.

पहिले कारण फळातील स्वतःची विकरे. सफरचंदाची फोड काही मिनिटांत तपकिरी होते, ती विकरांच्या व हवेतील ऑक्सिजनच्या संयोगामुळे. पेक्टिनचे विघटन करणाऱ्या विकरांमुळे रसातील गर तळाशी बसून वर पाणी सुटते. दुसरे कारण ऑक्सिजन व प्रकाश. यांच्यामुळे 'क' जीवनसत्त्व घटते, रंग फिका पडतो व चव उतरते. या दोन कारणांनी रसाची प्रत घसरते. परंतु त्यामुळे सहसा कोणी आजारी पडत नाही.

तिसरे कारण सूक्ष्मजीव हे सर्वांत महत्त्वाचे. यीस्ट साखरेचे रूपांतर मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत करते. त्यामुळे बाटलीचे बूच उडते, रस फसफसतो. बुरशी पृष्ठभागावर तवंग धरते. आम्लनिर्माते जिवाणू रस आंबवितात. हे बिघाड डोळ्यांना, नाकाला व जिभेला कळतात. मात्र काही रोगकारक जिवाणू रसाचा रंग, वास व चव न बदलताही त्यात राहू शकतात. म्हणूनच 'वास घेऊन पाहावा' ही घरगुती कसोटी अपुरी ठरते.

सामू ४.६ : एक निर्णायक सीमारेषा :

पदार्थाची आम्लता सामू या एककाने मोजली जाते. सामू जितका कमी तितकी आम्लता अधिक. हे मापन गुणोत्तरी असल्याने सामूतील एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेतील दहापट फरक होय. कोकमाच्या रसाचा सामू २ आणि गाजराच्या रसाचा ६ धरला, तर दोहोंच्या आम्लतेत दहा हजार पटींचे अंतर पडते. जिभेला 'आंबट' आणि 'गोडसर' एवढाच भेद जाणवतो. सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने मात्र ही दोन भिन्न जगे आहेत.

तक्ता क्र. १ : काही रसांचा सर्वसाधारण सामू

| रस | सामू |
|---|---|
| कोकम | सुमारे २ |
| लिंबू | २.० ते २.६ |
| आवळा | सुमारे ३ |
| डाळिंब | सुमारे ३ |
| द्राक्षे | ३ ते ४ |
| अननस | ३.२ ते ४.० |
| संत्री | ३.३ ते ४.२ |
| टोमॅटो | ४.३ ते ४.९ |
| ऊस | ५.० ते ५.५ |
| कलिंगड | ५.२ ते ५.६ |
| पपई | ५.२ ते ६.० |
| बीट | ५.३ ते ६.६ |
| गाजर | ५.९ ते ६.४ |

(जात, पक्वता व जमीन यांनुसार या आकड्यांत फरक पडतो.)

अन्नशास्त्रात ४.६ हा सामू आम्लधर्मी आणि अल्पाम्ल पदार्थांमधील सीमारेषा मानला जातो. या आकड्याचा संबंध क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूशी आहे. हा जिवाणू मातीत सर्वत्र आढळतो आणि प्रतिकूल परिस्थितीत बीजाणूच्या रूपाने टिकून राहतो. बीजाणूंचे कवच इतके चिवट असते की १०० अंश सेल्सिअसला उकळूनही ते नष्ट होत नाहीत. त्यांचा खात्रीशीर नाश करण्यासाठी पदार्थाच्या मध्यभागी १२१ अंश सेल्सिअस तापमान सुमारे तीन मिनिटे राखावे लागते. हवाबंद बाटलीत ऑक्सिजन नसतो आणि हा जिवाणू ऑक्सिजनविरहित वातावरणातच वाढतो. अशा बाटलीतील रसाचा सामू ४.६ पेक्षा अधिक असेल आणि ती साध्या तापमानाला ठेवली गेली असेल, तर बीजाणू अंकुरित होऊन अत्यंत प्रखर असे चेताविष तयार करतात. दुहेरी दिसणे, पापण्या जड होणे, गिळता व बोलता न येणे आणि अखेरीस श्वसनाचे स्नायू लुळे पडणे ही त्या विषबाधेची लक्षणे होत. लक्षणे बहुधा १२ ते ३६ तासांत दिसू लागतात.

सामू ४.६ वा त्याहून कमी असल्यास हे बीजाणू रसात असूनही वाढू शकत नाहीत. आंबट फळांच्या रसाला उकळत्या पाण्याची उष्णता पुरते, ती याच कारणाने. तेथे केवळ यीस्ट, बुरशी व साधे जिवाणू मारावयाचे असतात. बीजाणूंना आम्लताच थोपवून धरते. कोकमाची बाटली आणि गाजराची बाटली यांत जो भेद आहे तो हाच.

परंपरागत पद्धतींमागील विज्ञान :

कोकणातील आगळ व अमृत कोकम हे दोन पदार्थ या विवेचनाचे उत्तम उदाहरण ठरतात. आगळासाठी पिकलेले रातांबे फोडून त्यांच्या साली व गर मिठाबरोबर थरांनी बरणीत भरतात, रोज हलवितात आणि काही दिवसांनी सुटलेला गडद लाल रस गाळून घेतात. तयार आगळात मिठाचे प्रमाण साधारणतः १५ टक्क्यांच्या आसपास असते. अमृत कोकमासाठी सालींच्या वाट्यांत साखर भरून त्या बरणीत रचतात, तोंडाला दादरा बांधतात व बरणी आठवडाभर उन्हात ठेवतात. सालीच्या सुमारे दुप्पट साखर घेण्याचा प्रघात आहे. उन्हाच्या उष्णतेने साखर विरघळते, सालीतील रस बाहेर ओढला जातो आणि दाट पाक तयार होतो.

या दोन्ही कृतींत आच दिली जात नाही, तरीही पदार्थ टिकतो. त्यामागे दोन अडथळे एकत्र काम करतात. पहिला अडथळा कोकमाच्या तीव्र आम्लतेचा. दुसरा अडथळा पाण्याच्या उपलब्धतेचा. मीठ आणि साखर पाण्याचे रेणू स्वतःशी बांधून ठेवतात, त्यामुळे पदार्थात पाणी असूनही सूक्ष्मजीवांना ते वापरता येत नाही. ही उपलब्धता जलक्रियाशीलता या संज्ञेने मोजतात. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १ असते. १५ टक्के मिठाच्या द्रावणात ती सुमारे ०.८९ आणि ६५ टक्के साखरेच्या पाकात सुमारे ०.८७ इतकी उतरते. बहुसंख्य जिवाणूंना ०.९१ हून अधिक जलक्रियाशीलता लागते. यीस्ट व बुरशीच्या काही जाती याहून कमी पातळीवरही तग धरतात. म्हणून ओला चमचा बरणीत घालू नये, ही घरातील वडीलधाऱ्यांची शिस्त शास्त्रशुद्ध आहे. ओल्या चमच्याने पृष्ठभागावरील पाक पातळ होतो आणि नेमक्या तेवढ्या भागात बुरशी धरते.

येथे एक सूचना आवश्यक वाटते. मधुमेह वा रक्तदाब यांच्या विचाराने साखर किंवा मीठ निम्मे करून हेच पदार्थ केले जातात. आरोग्याच्या दृष्टीने तो विचार योग्य असला, तरी दुसरा अडथळा त्यामुळे निघून जातो. असा रस जुन्या नावाने ओळखला गेला तरी टिकाऊपणात तो निराळा पदार्थ असतो. तो शीतकपाटात ठेवावा किंवा पुढे दिलेल्या पद्धतीने तापवून बाटलीबंद करावा.

परंपरेने काय टिकविले याइतकेच, काय टिकविले नाही हेही उद्बोधक आहे. महाराष्ट्रात उसाचे पीक विपुल. तथापि उसाचा रस बाटलीत भरून ठेवण्याची प्रथा कधीच पडली नाही. रस ताजा प्यावा, अन्यथा काहिलीत आटवून त्याची काकवी किंवा गूळ करावा, हाच प्रघात राहिला. अल्पाम्ल रसातील पाणी काढून टाकणे हा त्याच्या परिरक्षणाचा एक खात्रीचा मार्ग आहे. पिकलेल्या आंब्याची आम्लता पक्वतेबरोबर घटत जाते. त्याच्या रसाची परंपरेने आंबापोळी झाली, किंवा तो साखर घालून आटविला गेला. कलिंगडाचा वा पपईचा रस तर कोणी साठविलाच नाही.

भाजीच्या रसाबाबत उत्तर भारतातील कांजी हे उदाहरण लक्षणीय आहे. काळी गाजरे, मोहरी व मीठ पाण्यात घालून काही दिवस उन्हात ठेवतात. लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जिवाणू त्यात वाढतात आणि पेय आंबट होते. अर्थात मूळचे अल्पाम्ल गाजर किण्वनाने आम्लधर्मी केले जाते. पाणी काढणे किंवा आम्लता वाढविणे, या दोन वाटांनीच परंपरेने गोड व बेचव रस राखले. ते जसेच्या तसे बाटलीबंद करण्याची तिसरी वाट तिने धरली नाही.

आम्लधर्मी फळरसांसाठी घरगुती पद्धती :

(अ) पूर्वतयारी : परिरक्षणाने खराब फळ चांगले होत नाही. किडके, सडके फळ वगळावे. विशेषतः सफरचंदाच्या सडक्या भागातील बुरशीचे पॅट्युलिन हे विष तापवूनही पूर्णतः नष्ट होत नाही. फळे वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत. भांडी स्टेनलेस स्टीलची, काचेची किंवा चिनी मातीची असावीत. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट रस कळकतो आणि धातूचा अंश रसात उतरतो.

(आ) उष्णता : गाळलेला रस ८५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, उकळत्या पाण्यातून काढलेल्या गरम बाटल्यांत वर थोडी जागा सोडून भरावा व झाकण लावावे. नंतर बाटल्या तळाशी फडके घातलेल्या पातेल्यात पाण्यात बुडवून, पाणी उकळू लागल्यापासून अर्ध्या लिटरपर्यंतच्या बाटल्यांसाठी २० ते २५ मिनिटे ठेवाव्यात. उंचीबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला सुमारे एक अंशाने उतरतो. महाबळेश्वरसारख्या सुमारे १३५० मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी ९५-९६ अंशांलाच उकळते. तेथे हा कालावधी ५ ते १० मिनिटांनी वाढवावा.

आंबट रस कच्चा ठेवला तरी चालतो, हा समजही तपासून घेतला पाहिजे. आम्लता सूक्ष्मजीवांची वाढ रोखते; ती त्यांना तत्काळ मारतेच असे नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय या जिवाणूच्या घातक प्रकाराची बाधा साठहून अधिक व्यक्तींना झाली व एक बालक दगावले. सफरचंदाचा रस आम्लधर्मी असूनही हे घडले. या व अशा घटनांनंतर तेथे २००१ मध्ये रसनिर्मितीसाठी रोगकारक जिवाणूंची संख्या लाखपटीने घटविण्याचे बंधन घालण्यात आले. लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांच्यासाठी ठेवलेला रस तापवूनच ठेवणे श्रेयस्कर होय.

(इ) साखर : स्क्वॅश हा या प्रकारातील परिचित पदार्थ. लिंबाच्या स्क्वॅशसाठी १ लिटर रस, २ किलो साखर व १ लिटर पाणी हे प्रमाण सोयीचे आहे. साखर व पाणी यांचा पाक करून, गाळून, थंड झाल्यावर रस मिसळावा. फळ उत्पादन आदेश, १९५५ मध्ये स्क्वॅशसाठी किमान २५ टक्के फळरस व ४० टक्के विद्राव्य घनपदार्थ ही अट होती. वरील प्रमाण या अटीत बसते. मात्र स्क्वॅशमधील साखर एकट्याने रस टिकविण्यास पुरेशी नसते. तीस परिरक्षकाची किंवा उष्णतेची जोड द्यावी लागते.

(ई) रासायनिक परिरक्षक : पोटॅशियम मेटाबायसल्फाइट व सोडियम बेन्झोएट हे दोन परिरक्षक प्रचलित आहेत. १९५५ च्या उपरोक्त आदेशात स्क्वॅशसाठी सल्फर डायऑक्साइडची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत ३५० व बेन्झोइक आम्लाची ६०० इतकी होती. मेटाबायसल्फाइटपासून वजनाच्या सुमारे ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो. म्हणून दर किलो पदार्थास ०.६ ग्रॅम, म्हणजे वरील सुमारे ४ किलो स्क्वॅशला २.४ ग्रॅम पुरतात. ही मात्रा चमच्याने किंवा चिमटीने मोजता येत नाही. त्यासाठी ग्रॅमच्या अंशापर्यंत वजन दाखविणारा तराजू हवा. मेटाबायसल्फाइटमुळे कोकम, जांभूळ, करवंद यांचा रंग उडतो, म्हणून अशा रंगीत रसांत बेन्झोएट वापरतात. उलट 'क' जीवनसत्त्वयुक्त लिंबू-आवळ्याच्या रसात बेन्झोएट टाळणे इष्ट. कारण त्यांच्या संयोगाने अल्प प्रमाणात बेंझिन तयार होण्याची शक्यता असते. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, हेही ध्यानात ठेवावे.

हे परिरक्षकही आम्लतेवरच अवलंबून असतात. बेन्झोइक आम्ल अविघटित स्वरूपात असतानाच सूक्ष्मजीवांच्या पेशीत शिरते. सामू ३ असताना त्याचा सुमारे ९४ टक्के भाग या कार्यक्षम स्वरूपात असतो. सामू ६ असताना जेमतेम दीड टक्का उरतो. म्हणजेच कोकमाच्या सरबताला राखणारी तीच चिमूट गाजराच्या रसात जवळजवळ निरुपयोगी ठरते. गृहिणीला मात्र दोन्ही बाटल्यांत 'औषध घातले' असेच वाटते.

(उ) शीतकरण व गोठवण : ताजा, न तापविलेला रस ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवून २४ तासांत संपवावा. उणे १८ अंशांवर गोठविलेला रस काही महिने चांगला राहतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, म्हणून भांडे काठोकाठ भरू नये. गोठवणीने सूक्ष्मजीव मरत नाहीत, केवळ निद्रिस्त होतात. ज्या भागात वीजपुरवठा वारंवार खंडित होतो तेथे या पद्धतीवर विसंबणे धोक्याचे ठरते. वितळून पुन्हा गोठलेला रस टाकून द्यावा.

सीमेवरील रस : टोमॅटो :

टोमॅटोला आपण आंबट समजतो. परंतु त्याचा सामू सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना आढळतो. अतिपक्व फळाचा सामू सहज ४.६ च्या पुढे जातो. म्हणून टोमॅटोचा रस बाटलीबंद करताना दर लिटरला सुमारे अर्धा चहाचा चमचा सायट्रिक आम्ल घालण्याची शिफारस केली जाते. येथे आम्ल चवीसाठी नसून संरक्षणासाठी असते. आंबटपणा कमी करण्यासाठी हवी तर साखर घालावी. आम्ल मात्र कमी करू नये. टोमॅटोच्या रसात गाजर, बीट, पालक मिसळून केलेला मिश्ररस अल्पाम्ल मानावा, कारण मिश्रणाचा सामू अंदाजाने सांगता येत नाही.

भाजीरसांचा प्रश्न :

सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिका व कॅनडा येथे बाटलीबंद गाजराच्या रसातून बॉट्युलिझमची बाधा झाली. अमेरिकेत चार व कॅनडात दोन, अशा सहा व्यक्ती त्यात सापडल्या. तो रस कारखान्यात पाश्चरीकरण केलेला होता. पाश्चरीकरणाने बीजाणू मरत नाहीत. त्यांची वाढ रोखण्याचे काम केवळ थंडाव्यावर सोपविलेले होते. बाटली शीतकपाटाबाहेर राहिली आणि तो एकमेव अडथळा ढासळला. आधुनिक यंत्रसामग्री असलेल्या कारखान्याच्या बाटलीत जे घडू शकते, ते स्वयंपाकघरातील बाटलीत घडणार नाही असे म्हणता येत नाही. गाजर व बीट मातीतच वाढतात, हेही येथे विसरता कामा नये.

घरातील प्रेशर कुकर हा यावरील उपाय होय का, असा प्रश्न विचारला जातो. कुकरच्या पूर्ण दाबाखाली वाफेचे तापमान १२० अंशांच्या आसपास जाते हे खरे; परंतु बाटलीच्या मध्यभागी ते तापमान केव्हा पोहोचते व किती काळ राहते, हे शिट्ट्या मोजून कळत नाही. शिवाय काचेची बाटली फुटण्याचा धोका असतोच. त्यामुळे भाजीरस घरी बाटलीबंद करून साध्या तापमानाला ठेवण्याची सुरक्षित पद्धत नाही, असे स्पष्टपणे सांगणेच योग्य. ताजा काढून त्याच दिवशी प्यावा, गोठवावा किंवा कांजीप्रमाणे आंबवावा, एवढेच पर्याय उरतात.

दुधीच्या रसाचा धोका निराळ्या स्वरूपाचा आहे. कडू दुधीत कुकुर्बिटासिन ही विषारी द्रव्ये असतात. उष्णता, थंडी, साखर वा परिरक्षक यांपैकी कशानेही ती नाहीशी होत नाहीत. कडू रसाच्या सेवनाने मृत्यू ओढवल्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या विषयाचा अभ्यास केला आणि रस काढण्यापूर्वी फोडीची चव पाहावी, कडू असल्यास तो दुधी टाकून द्यावा, असे सुचविले. औषध कडूच असते, या समजुतीने असा रस डोळे मिटून पिणारेही आहेत, म्हणून हा उल्लेख आवश्यक ठरतो.

निष्कर्ष :

१) घरगुती रसाच्या परिरक्षणात आम्लता हा पहिला निकष असून उष्णता, साखर, मीठ व परिरक्षक हे तिच्या आधाराने काम करतात.

२) सामू ४.६ च्या खाली असलेले कोकम, लिंबू, आवळा, डाळिंब, द्राक्षे, अननस यांचे रस घरी सुरक्षितपणे बाटलीबंद करता येतात. तथापि स्वच्छता व तापविणे वगळता येत नाही.

३) गाजर, बीट, पालक, दुधी, पपई, कलिंगड, ऊस यांचे रस घरी बाटलीबंद करून साध्या तापमानाला ठेवू नयेत.

४) परंपरागत पदार्थातील साखर वा मीठ कमी केल्यास साठवणुकीची पद्धतही बदलावी लागते.

शिफारशी :

महाविद्यालयांतील गृहविज्ञान, रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना या विषयात एकत्रित काम करता येण्याजोगे आहे. सामू दर्शविणारी कागदी पट्टी अल्प खर्चात मिळते. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील रसांचा सामू मोजून आणणे हा प्रात्यक्षिकाचा उत्तम विषय होईल. अनेक महिला बचत गट सरबते व आगळ तयार करून विकतात. विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी व चालू नियमांचे पालन आवश्यक असते. अशा गटांना परिरक्षकाचे अचूक वजन करून देणे आणि सामू तपासून देणे, एवढे साहाय्य महाविद्यालयाची प्रयोगशाळा सहज करू शकते.

आजीच्या फडताळातील कोकमाची बाटली टिकली, ती आजीच्या हाताच्या गुणाने आणि कोकमाच्या आंबटपणाने. हाताचा गुण पुढच्या पिढीला शिकता येतो. कोकमाचा आंबटपणा गाजरात आणता येत नाही. हा भेद घरोघरी पोहोचविणे हे अध्यापकवर्गाचे कार्य ठरते.